हलका पंजा, जड पंजा

मोडताईचं कामच मुळी मोडायचं. ओतकारखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती, तिला सगळे कसोटीची खोली म्हणत. आत माणसापेक्षा उंच एक ओढयंत्र, दोन पोलादी जबड्यांचं. भट्टीतून ओतलेल्या प्रत्येक घाण्यातली एक कांब, करंगळीएवढ्या जाडीची, तिच्याकडे यायची. ताई ती वरच्या आणि खालच्या जबड्यात आवळायची, तेलाच्या दाबाचं चाक हळूहळू फिरवायची आणि कांबीचे दोन तुकडे होईपर्यंत ओढत राहायची. तुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज व्हायचा. नवा कामगार असला तर हातातलं टाकून भिंतीला चिकटायचा. ताईची पापणीही लवायची नाही. ती तुकडे उचलायची, तुटलेलं तोंड उजेडात धरायची, दाणा बघायची आणि वहीत आकडा लिहायची. सव्वीस वर्षं हेच. खरं नाव काय होतं ते हजेरीच्या वहीलाच ठाऊक.

लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, न मोडणारा कुणी भेटला नाही. त्यावर सगळे हसायचे, पण जपून हसायचे, कारण मोडताईचा हात त्यांना माहीत होता. एकदा साच्याच्या खात्यातल्या एकाने तिला पाठीमागून काहीतरी वेडंवाकडं म्हटलं, तर तिने मागे न बघता कोपर मारलं होतं. त्याचे दोन दात वाळूत सापडले.

हा हात तिला घरातून मिळाला होता. बाप बॉयलरवर कोळसा टाकायचा आणि घरी आला की पट्टा काढायचा. आई लवकर गेली. राहिले दोघे, ती पंधरा वर्षांची आणि भाऊ सात वर्षांचा. एका दुपारी पट्ट्याचं बक्कल भावाच्या कानावर बसलं, कान फाटला, आणि बापाने पुन्हा हात उचलला. चुलीजवळ लोखंडी चिमटा होता. मुलीने तो दोन्ही हातांनी उचलून बापाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिने पहिल्यांदा तेव्हा ऐकला. बाप पुढे जगला तोवर डाव्या हाताने जेवला आणि पुन्हा कुणावर हात टाकला नाही. ताईने या गोष्टीची ना कधी फुशारकी मारली, ना कधी रडली. देवापुढे रोज दिवा लावताना मनात यायचं, विचारशील तेव्हा सांगीन, लपवणार नाही.

तर तो भाऊ तिने वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावलं. तो रंगखान्यात लागला. तिथे कृत्रिम सूत रंगवायचे. या सुताची खोड अशी की उकळत्या पाण्यातही ते रंग धरत नाही. एकशे तीस अंश लागतात. पाणी तर शंभरला उकळून वाफ होतं. म्हणून ते पोलादी पिंपात कोंडायचं, वर जाड झाकण, आणि झाकणाच्या कडेने आठ पंजे. पंज्याला एका टोकाला झाकण धरणारं नख, दुसऱ्या टोकाला बोल्टचं भोक, मध्ये मान. घरच्या कुकरचीच तऱ्हा, फक्त या कुकरमध्ये चार माणसं उभी राहतील. आठही पंजे पान्याने आवळले की मगच वाफ सोडायची. आत जे कोंडलेलं असतं त्याला बाहेर यायचं असतं, आणि त्याला अडवणारे फक्त ते आठ पंजे.

हे पंजे मोडताईच्याच कारखान्यात ओतले जायचे. बारा वर्षं ते अॅल्युमिनियमचे होते, थोडी वाळूच्या जातीची भर घातलेल्या अॅल्युमिनियमचे. वजनाला हलके. पण त्यांचे आटे झिजायचे, कडा उडायच्या, आणि रंगखान्याची कुरकुर चालू राहायची. तेव्हा ओताऱ्याने नवा धातू जमवला. ओतारी म्हणजे भट्टीचा मुख्य माणूस, ताईपेक्षा चार वर्षांनी लहान, हाताने सोनं पण तोंडाने फटकळ. त्याने बहुतेक जस्त, त्यात अॅल्युमिनियम आणि चिमूटभर तांबं असा मेळ वर्षभर खपून बसवला. साच्यात पाण्यासारखा पसरायचा. पंजा साच्यातून निघायचा तो घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा गुळगुळीत. हातात घेतला की हात खाली जायचा, इतका जड. कारखान्यात दोन्ही धातूंना नावंच पडली, हलका आणि जड.

नाकापेक्षा मोती जड होईल हं, असं ताई म्हणाली. ओतारी म्हणाला, मोती राहू दे, तुमचं नाक आधी खाली घ्या.

मग तिने दोन्ही धातू समोरासमोर मोडले. हलक्याची कांब सव्वादोन टनांना तुटली. जडाची सव्वातीन टनांना, आणि तीही खिडकीची काच हलवून. पोलादी गोळी दाबून खळगा बघितला, तर हलक्यावर खोल, जडावर नखाने ओरखडल्याएवढा. घणाचा लोलक सोडून बघितला, जड कांब वाकली पण तुटायला राजी नव्हती. ओतारी दारात उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. उष्णतेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ताईला खटकली. हलका धातू सहाशे अंशांच्या आसपास वितळायचा, जड पावणेचारशेलाच पाघळायला लागायचा. जो लवकर वितळतो तो लवकर मऊही पडतो, एवढं तिला तिच्या आधीच्या जुन्या परीक्षकाने शिकवलं होतं. पण पिंप तापतं एकशे तीसला. पावणेचारशे कुठे आणि एकशे तीस कुठे.

तरीही ती नुसत्या अंदाजावर विसंबणारी नव्हती. तापलेल्या कांबीची कसोटी घ्यायची त्या कारखान्यात एक ठरलेली रीत होती. तेलाची कढई दीडशे अंशांवर ठेवायची, कांब त्यात अर्धा तास सोडायची, चिमट्याने काढायची, तेलाने जबड्यातून निसटू नये म्हणून फडक्याने नीट पुसायची, जबड्यात आवळायची आणि ओढायची. जुना परीक्षक असंच करायचा, ताईही असंच करत आली. जड कांब अशी ओढली तर ती जवळजवळ तीन टनांना तुटली. हलकी दोनच्या आतबाहेर. म्हणजे गरमही जडच सरस. ताईने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि खाली सही केली.

तीन रंगखान्यांत मिळून सात पिंपांवर जड पंजे चढले. त्यातली दोन भावाच्या रंगखान्यात.

चार महिन्यांनी, एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला, भावाच्या पिंपाचं झाकण उडालं.

आधी एक पंजा गेला. मग बाकीचे, एकामागून एक, दात पडावेत तसे. झाकण छपराची लोखंडी कैची वाकवून पत्रा फाडून वर गेलं आणि मागच्या अंगणात उतरलं. तिथे सुताची हातगाडी ओढणारा म्हातारा उभा होता. गाडीचे दोन तुकडे झाले. म्हाताऱ्याचं काय झालं ते सांगवत नाही, त्याला झाकायला दोन चादरी लागल्या. आणि पिंपातलं पाणी, झाकण असतं तर पाणी राहिलं असतं, ते एका क्षणात फुटून वाफ आणि निळा रंग होऊन खोलीभर झालं. शेजारच्या पिंपावरचा लांब्या, म्हणजे भावाचा जोडीदार, वाफेच्या धक्क्याने भिंतीवर आदळला आणि उठला. भाऊ दाबाचा काटा बघायला खाली वाकला होता, म्हणून तोंड वाचलं. पाठ, मान आणि दोन्ही हात वाफेत सापडले.

ताई दवाखान्यात पोचली तेव्हा तो पालथा होता आणि निळा होता. मानेपासून कमरेपर्यंत गडद निळा, कातडी जिथे सुटली होती तिथेही निळा. डॉक्टर म्हणाले की कुठली कातडी जिवंत आहे आणि कुठली मेली ते रंगामुळे कळत नाही, घासून काढावं लागेल. ते घासत असताना त्याचा आवाज जिन्यावरून खालपर्यंत येत होता. भावजय भिंतीला डोकं टेकून देवाचं नाव घेत होती, नाव घेता घेता मूठ भिंतीवर आपटत होती. ताई दारात उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. निघून जाणं तिला जमलं नाही.

संध्याकाळी रंगखान्याचा मुकादम आला. हात जोडून, पण डोळे कोरडे. त्याने सांगितलं की चौकशी होईल, आणि प्रथमदर्शनी असं दिसतंय की पंजे नीट आवळले नव्हते, एखादा विसरला असेल, माणूस आहे, विसरतो. पण एक जीव गेलाय, आणि पिंप भावाच्या हातात होतं. भावजयीने त्याची गचांडी धरली. सदऱ्याची दोन बटणं तुटली. ताईने तिला सोडवलं, पण घाई केली नाही.

भाऊ पालथाच होता. उशीत तोंड खुपसून तो ताईला म्हणाला, "आठही आवळले होते. रोज आवळत होतो. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्तच आटा जायचा, मला वाटायचं गास्केट दबतंय."

रोज जास्त आटा जायचा. ताई मनात हिशोब करत गेली. गास्केट म्हणजे झाकणाखालचं रबरी कडं, ते पहिल्या आठवड्यात दबतं आणि बसतं. चार महिने रोज दबत नाही. नट रोज पुढे जात होता तो पंजा रोज लांबत होता म्हणून.

शनिवारी ती रंगखान्यात गेली. मुकादम नव्हता. फरशीवर निळा थर वाळून चिरांमध्ये बसला होता आणि कोपऱ्यात पंज्यांचे तुकडे झाडून ठेवले होते. तिने एक उचलला. सव्वीस वर्षं तिने तुटलेली तोंडं पाहिली होती. धातू सरळ तुटला की तोंड खरखरीत असतं, साखरेच्या खड्यासारखं. हे तोंड तसं नव्हतं. पंज्याची मान कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ताणावा तशी बारीक होत गेली होती, आणि टोकाला जीभ निघाल्यासारखी. हा पंजा धक्क्याने तुटलेला नव्हता. रोज थोडा थोडा ओघळत आला होता.

पण तिने तर तो गरम करून ओढला होता. तीन टन. आपल्या सहीने.

रविवारी कारखाना बंद असतो. कसोटीच्या खोलीची किल्ली ताईकडेच असायची. तिने देवाला हात जोडले, कढई तापवली आणि जुन्या रीतीने जड कांब पुन्हा तयार केली, पण या वेळी कांबीच्या पोटाला तापमान मोजायची तार बांधून. तेलात काटा दीडशेवर. चिमट्याने काढली, एकशे तीस. फडक्याने पुसली, एकशे दहा. जबड्यात धरली आणि काटा धबाधबा खाली आला. ते जबडे पोलादाचे, हाताच्या पंज्याएवढे जाड आणि थंडगार. ते कांबीतली ऊब पिऊन टाकत होते. आवळून, चाक फिरवून, ताण बसेपर्यंत कांब पन्नासवर आली होती. म्हणजे ती कांब गरम मोडलीच नव्हती. जुना परीक्षक, त्याच्यानंतर ताई, सगळ्यांनी इतकी वर्षं थंड कांब मोडून गरम म्हणून लिहिली होती. हलक्या धातूला ते खपून गेलं, कारण तो दीडशेलाही तग धरतो. जडाला खपलं नाही.

ती खाली बसली. थोड्या वेळाने उठली आणि तिने यंत्राचा नाद सोडला. कढईवर लोखंडी घोडी उभी केली. हलकी कांब आणि जड कांब शेजारी शेजारी अशा टांगल्या की दोन्हींची पोटं तेलात बुडाली, आणि तरफेच्या दांड्याने दोन्हींवर सारखंच ओझं टाकलं, पाऊण टनाचं. थंड असताना जडाने त्याच्या चौपट पेललं असतं. तेल एकशे तीसवर ठेवलं आणि घड्याळ लावलं. काही घाई नाही, ओढाओढ नाही. नुसतं लटकत ठेवायचं. पिंपावर पंजा तेच तर करतो.

पहिला अर्धा तास काही नाही. मग जड कांबीवर तिने ओरखडून ठेवलेल्या दोन खुणांमधलं अंतर वाढायला लागलं. डोळ्याला दिसेल इतकं. हलक्या कांबीच्या खुणा जागच्या जागी. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं, पण ती तर दिसण्यावर गेली नव्हती, मोजून फसली होती. दुपारी अडीच वाजता जड कांब तुटली. आवाजही झाला नाही. ओझं धप्पकन खाली बसलं तेवढंच.

धूर बघून ओतारी आला. तो कारखान्याच्या मागच्याच गल्लीत राहायचा. ताईने त्याला दोन्ही कांबी दाखवल्या. त्याने बघितल्या, परत बघितल्या. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. तो म्हणाला की तेलाचा काटा चुकीचा आहे. मग म्हणाला की ओझं जास्त टाकलंय. मग म्हणाला की भावाला वाचवायला तुम्ही माझ्या वर्षभराच्या कामाला आग लावताय. ताई म्हणाली की पास मी केलं, सही माझी, तुझ्या अंगावर काही येणार नाही. याने तो आणखीच पेटला. त्याने घोडीला लाथ घातली. कढई कलंडली. तेल ताईच्या डाव्या हातावरून खाली ओतलं गेलं, आणि तिने उजव्या हातातला चिमटा त्याच्या कानशिलावर मारला. तो गुडघ्यावर आला. ती त्याच्या अंगावर होती, जळक्या हाताने त्याची मान भिंतीशी दाबून, आणि तो मारत नव्हता. रडत होता. हातगाडीवाला म्हातारा त्याच्या गल्लीतला होता.

मग त्यानेच नळाखाली तिचा हात धरला, कातडी निघत होती तरी सोडला नाही, आणि त्यानेच मालकाला फोन लावला. मालकाचं म्हणणं थोडक्यात असं की गुरुवारी सरकारी तपासनीस येणार आहे, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, आपण होऊन गळ्यात घोरपड बांधून घ्यायची नाही. ताईने तीनही रंगखान्यांना फोन लावले. रविवार. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही. भावाच्या रंगखान्यातल्या मुकादमाने उचलला, ऐकून घेतलं आणि हसला. दुसरं पिंप सोमवारी सकाळी सुरू होणार होतं. त्याच्यावर जड पंजे होते, चार महिने ताणलेले, आणि त्याच्यासमोर लांब्या उभा राहणार होता.

सोमवारी ती पोचली तोवर पिंप भरून झाकण बसलं होतं आणि वाफ सोडलेली होती. तापमानाचा काटा ऐंशीवर. मुकादम म्हणाला की बाई, भावाची माया आम्हाला कळते, पण काम थांबणार नाही. ताई लांब्याकडे वळली. त्याच्या कपाळावर शुक्रवारची खोक अजून ओली होती. ती म्हणाली की वाफ बंद कर. त्याने मुकादमाकडे बघितलं, मान खाली घातली. तेव्हा तिने स्वतःच जाऊन वाफेचं चाक फिरवलं.

पुढे जे झालं ते फार भराभर झालं. मुकादमाने तिला खांद्याला धरून मागे ओढलं. तिने कोपर मारलं, त्याच्या नाकातून रक्त आलं. त्याने सणसणीत थोबाडीत दिली, तिचा ओठ फाटला. दोघे कामगार धावले, तिचे हात धरले, जळका हातसुद्धा. मुकादमाने चाक पुन्हा उघडलं. पंच्याण्णव.

तो नाक पुसत म्हणाला, "इतका वाईट असेल पंजा, तर मोडून दाखवा ना. तुम्ही तर मोडताई."

फळीवर दोन-तीन नवे जड पंजे पडले होते. कामगारांनी तिला सोडलं. तिने एक पंजा फरशीवर ठेवला, घण घेतला आणि एका हाताने जेवढा बसेल तेवढा घाव घातला. पंजा टणकन उडाला. पुन्हा घातला. पुन्हा उडाला. चार घाव, पाच घाव. साधा तडाही नाही. आजूबाजूचे हसले. कुणीतरी म्हणालं, "बाई, पंजा राहू द्या, तुमचा पंजा मोडेल." काटा एकशे पाचवर आला होता.

ताईने घण टाकला. थंड पंजा मोडणार नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं, रागात विसरली होती. भंगाराच्या ढिगात जुने हलके पंजे होते, त्यातला एक तिने शोधला. भिंतीवरून वाफेची मुख्य नळी जात होती, पिंपाला जी वाफ मिळायची तीच. नळीला भिंतीशी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या. तिने दोन्ही पंज्यांची नखं एकेका पट्टीत अडकवली, पंजे नळीला चिकटवून गोणपाटाने गुंडाळले आणि उभी राहिली.

"पाव तास," ती लांब्याला म्हणाली. "मग तूच ओढ. आणि नळीवरून काढायचा नाही, काढला की तो खोटं बोलतो."

मुकादम म्हणाला की हा काय तमाशा आहे. पण लांब्या हलला नाही, आणि तो हलेना म्हणून बाकीचेही हलेनात. एकशे बारा. एकशे अठरा. पिंपाच्या झाकणाकडून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज रोजचाच आहे असं कुणीतरी म्हणालं, पण म्हणणाराच दोन पावलं मागे सरकला. ताईच्या ओठातलं रक्त हनुवटीवरून पदरावर ठिबकत होतं, ती पुसत नव्हती. तिची नजर काट्यावर होती. ओठ हलत होते. देवाचं नाव होतं की शिव्या होत्या कोण जाणे. एकशे तेवीस.

लांब्याने लांब पहार घेतली. आधी हलक्या पंज्याच्या भोकात घातली आणि सगळं वजन टाकलं. त्याचे पाय जमिनीवरून सुटले, तो पहारीवर लोंबकळला, पंजा होता तिथे होता. मग पहार जड पंज्यात घातली. पुन्हा वजन टाकलं. आधी वाटलं की तोही राहतोय. मग पंज्याची मान वळायला लागली, गाढ झोपलेल्या माणसाची मूठ उघडावी तशी, काही न तोडता, काही आवाज न करता. लांब्या पहारीसकट खाली खाली येत गेला आणि फरशीवर बसला.

तो बसल्या जागेवरून उठला तो सरळ चाकाकडे धावला. मुकादम आडवा आला, त्याला लांब्याने छातीत डोकं मारून सुताच्या गठ्ठ्यांवर पाडलं. वाफ बंद केली, मग वरची सुटकेची झडप उघडली. एवढी वाफ किंचाळत बाहेर पडली की कुणाला काही ऐकू येईना. सगळे दाराबाहेर पळाले, मुकादमही, चारही हातापायांवर. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काटा उतरून शंभरच्या खाली गेल्यावर लांब्याने पान्याने आठही पंजे काढले आणि अंगणात फेकले. त्यातल्या तिघांच्या माना बारीक झालेल्या होत्या. ते बघायला मुकादमाला कुणी बोलावलं नाही, तो आपणहून आला आणि बराच वेळ वाकून उभा राहिला.

ताई तिथून दवाखान्यात गेली. भाऊ अजून पालथाच होता. घासून घासून पाठीचा निळा जाऊन लाल उघडं पडलं होतं, मानेच्या कडेला मात्र निळा तसाच. भावजय त्याला चमच्याने पाणी पाजत होती. ताईने दार लावलं, कॉटपाशी उभी राहिली आणि एका दमात सांगितलं की तुझी चूक नव्हती. पंजे मऊ पडत होते. मुकादमाने आता बघितलंय, त्याला तुझ्यावर ढकलता येणार नाही. भावजयीने चमचा ठेवला आणि हात जोडले, देवाला की नणंदेला ते तिचं तिला ठाऊक.

ताई म्हणाली, "तो धातू मी पास केला होता. माझी कसोटी चुकली. हातगाडीवाला माझ्या सहीने गेला, आणि तुझी पाठही."

भावजयीने जोडलेले हात सोडले. एक थोबाडीत दिली. मग दुसरी, फाटलेल्या ओठावरच. तिसऱ्या वेळी तिचा हात वरच थांबला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ताई जागची हलली नव्हती.

भावाचा श्वास उशीत ऐकू येत होता. नंतर त्याने विचारलं की ते पंजे आणखी कुठे लागलेत. ताईने सांगितलं, दुसऱ्या दोन रंगखान्यांत, पाच पिंपं, फोन कुणी उचलत नाही. एक एसटीने दीड तासावर, दुसरा त्याच्या पुढे.

"त्यांची दुपारची पाळी कधी चढते?"

"दोनला. सोमवारी त्यांची सकाळची पाळी नसते."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तोंडातून कळ निघाली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"मग इथे काय उभी आहेस," तो उशीतूनच म्हणाला.

भावजयीने न बघता स्वतःचा कोरडा पदर फाडून ताईच्या हाताला करकचून गुंडाळला, इतका करकचून की ताईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग दार उघडून दिलं. ताई जिना उतरून रस्त्यावर आली आणि थांब्याकडे धावायला लागली.